आत कोण आहे, हे विचारणार कोण?

ज्यांना हेडफोन लावून अर्धा तास बसता येत नाही, किंवा लूमच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

भिवंडीत राहणाऱ्यांना एक बातमी आता तोंडपाठ झालीये. शांतीनगर, नारपोली नाहीतर कोनगाव. पोलिसांचा छापा, 'इतके बांगलादेशी ताब्यात', भाड्याने खोली देणाऱ्यावरही गुन्हा, आणि खाली एक फोटो. फोटोत मागे पोलीस, पुढे तोंडाला फडकं बांधलेली चार-पाच माणसं. बातमी संपली. उद्या दुसरी बातमी.

मला नेहमी पुढचं पान हवं असतं. त्या माणसांचं पुढे काय होतं? भिवंडीच्या कोर्टात उभं करतात, मग ठाण्याचं जेल किंवा कल्याणचं आधारवाडी. खटला चालतो, शिक्षा होते, शिक्षा भोगूनही होते. आणि इथून पुढे धुकं. कारण शिक्षा संपली तरी हा माणूस सुटत नाही. तो 'विदेशी' आहे. त्याला परत पाठवायचं, तर ज्या देशात पाठवायचं त्या देशानं 'हो, आमचा आहे' म्हणायला हवं. ते म्हणेपर्यंत त्याला कुठंतरी ठेवायचं. ते 'कुठंतरी' म्हणजे आपला आजचा विषय. इंग्रजी पेपर त्याला डिटेन्शन सेंटर म्हणतात, सरकारी कागद होल्डिंग सेंटर म्हणतात, आसाममध्ये ट्रान्झिट कॅम्प म्हणतात. नाव बदललं की भिंत जरा बुटकी वाटते, इतकंच.

आता यातला खरा पेच. पकडलेल्या दहा जणांत नऊ जण पोट भरायला आलेले असतील. पण दहावा जीव वाचवायला पळून आलेला असू शकतो. म्यानमारमधून आलेला रोहिंग्या, अफगाणिस्तानातून आलेला एखादा. कायद्याच्या पुस्तकात या दहाव्यासाठी वेगळा रकानाच नाही. १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट होता, त्यात शब्द एकच: विदेशी. आणि विदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पकडलेल्यावर. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या जागी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट आला. रकाना त्यातही एकच, आणि ती जबाबदारीही जिथल्या तिथे. केंद्रानं २०११ च्या डिसेंबरात राज्यांना एक कार्यपद्धती पाठवली होती: कुणी 'मी निर्वासित आहे' म्हणाला तर त्याचं म्हणणं तपासा, तथ्य असेल तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा विचार करा. पण ही सूचना आहे, हक्क नव्हे. दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, काही जणांना कार्ड देतं. ते कार्ड भारतीय कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

इथे एक आडवाट घेतो, भिवंडीकर म्हणून. आपल्या गावातला हातमाग आणि नंतरचा पॉवरलूम ज्यांनी उभा केला, त्यांतले कितीतरी मोमीन विणकर १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतून दडपशाहीला आणि उपासमारीला कंटाळून इकडे आले. मऊ, आझमगढ, अलाहाबाद. कुणी त्यांना विचारलं नाही की कार्ड दाखवा. आणि आपल्या शेजारी, कल्याणच्या लष्करी कॅम्पात, १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची रांग लागली. तो कॅम्प १९४९ मध्ये उल्हासनगर झाला. म्हणजे या खाडीच्या दोन्ही अंगांना पळून आलेल्यांनीच गावं वसवलीत. असो.

मूळ गोष्टीकडे. महाराष्ट्रात आसरा मागायला आलेल्यांना डांबण्याचा इतिहास शोधायला लागलो, तर तो बांगलादेशाच्या जन्माच्याही आधीचा निघाला. तो सुरू होतो अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सप्टेंबर १९३९ मध्ये.

हिटलरच्या जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून जीव घेऊन निघालेले काही ज्यू मुंबईत पोहोचले होते. डॉक्टर, इंजिनियर, संगीतकार, चित्रकार. त्यांच्यासाठी मुंबईत १९३४ सालीच ज्यूइश रिलीफ असोसिएशन नावाची संस्था निघाली होती. ही संस्था एक महत्त्वाचं काम करायची: येणाऱ्या माणसाची हमी घ्यायची. हा उपाशी राहणार नाही, सरकारवर बोजा होणार नाही, आम्ही जबाबदार. थोडक्यात, तिच्याकडे नावं होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांची धरपकड सुरू केली. 'शत्रुराष्ट्राचे नागरिक'. नाझी पक्षाचा सभासद असलेला कंपनीचा मॅनेजर जर्मन, आणि त्याच नाझींनी ज्याचं घर जाळलं तो ज्यूही जर्मन. पासपोर्ट दोघांचा एकाच देशाचा. ज्यूंच्या पासपोर्टवर तर १९३८ पासून जर्मन सरकारनं लाल 'जे' छापलेला होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशानंच कपाळावर लिहून पाठवलं होतं की हा आमचा नाही. तरी दोघंही एकाच छावणीत, अहमदनगरला.

मग सरकारनं सर माल्कम डार्लिंग यांची समिती नेमली. एकेकाला समोर बसवून तपासणी. रिलीफ असोसिएशनकडे नावं होती, ओळखी होत्या, हमी होती. त्यामुळे 'हा आमच्या माहितीतला, हा पळून आलेला आहे' असं सांगणारं कुणीतरी बाहेर होतं. बरेच ज्यू त्या पहिल्या फेरीत सुटले. पण १९४० च्या उन्हाळ्यात हॉलंड पडला, फ्रान्स पडला, आणि 'घरात लपलेले हेर' ही भीती लंडनपासून मुंबईपर्यंत पसरली. सुटलेल्यांतल्या अनेकांना पुन्हा आत घातलं. बाया, मुलं, कुटुंबं यांच्यासाठी साताऱ्याला आणि पुरंदरच्या किल्ल्यावर 'पॅरोल कॅम्प' निघाले. हो, तोच पुरंदर, जिथे तुम्ही ट्रेकला जाता. वर लष्कराच्या जुन्या इमारती होत्या, तिथे ही कुटुंबं राहिली. पुरुषांची मोठी छावणी अहमदनगरहून देवळालीला आणि १९४१ मध्ये डेहराडूनला गेली.

आता या सगळ्यातला जो भाग मला सगळ्यात जास्त खटकला, तो सांगतो. डेहराडूनच्या छावणीत कट्टर नाझी होते. त्यांची चौकशी करायला कोण यायचं? युद्धात जर्मनीच्या वतीनं हितसंबंध बघायचं काम तटस्थ स्वित्झर्लंडकडे होतं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस होती. म्हणजे नाझी कैद्यामागे एक अख्खं राज्य उभं होतं. त्याला जेवण कसं मिळतं, पत्रं पोचतात का, याची विचारपूस सरकार-ते-सरकार व्हायची. आणि ज्यू निर्वासितामागे? त्याचं सरकार तर त्याला मारायला निघालेलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीनं देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. त्याच्या बाजूनं विचारायला उरली मुंबईतली एक समिती आणि तिची परदेशातली ओळखीपाळखी.

मला वाटतं निर्वासिताची खरी अडचण हीच आहे. एखादा साधा परदेशी तुरुंगात गेला तर त्याची वकिलात विचारते. निर्वासिताच्या बाबतीत वकिलातीला कळवणं हाच धोका असतो. ज्याच्यापासून पळालो त्यालाच पत्ता देण्यासारखं. त्यामुळे त्याच्यासाठी विचारणारा माणूस नेहमी बाहेरचा असावा लागतो: परका, दुसऱ्या देशातला, दुसऱ्या राज्यातला, ज्याचा त्याच्याशी रक्ताचा संबंध नाही असा. आणि अशा बाहेरच्याला काहीही विचारायचं तर आत कोण आहे हे आधी माहीत असावं लागतं. म्हणून सरकारला लपवायचं असेल तेव्हा कुलपाच्याही आधी यादी लपवली जाते.

ब्रिटिशांना हे चांगलं ठाऊक होतं. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसची कार्यकारिणी पकडून अहमदनगरच्याच किल्ल्यात नेली, तेव्हा नेत्यांना नेमकं कुठं ठेवलंय हे सुरुवातीला जाहीर केलं नव्हतं. आणि ज्या फॉरेनर्स अॅक्टवर भिवंडीत कालपरवापर्यंत गुन्हे दाखल होत होते, तो १९४६ चा कायदा याच युद्धकाळातल्या १९४० च्या कायद्याची सुधारून काढलेली आवृत्ती. साहेब गेला, त्याचा कायदा आणखी ७८ वर्षं राहिला.

स्वातंत्र्यानंतरची एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट मुंबई उच्च न्यायालयातली. साल १९९४. एक इराणी माणूस, यूएनएचसीआरनं निर्वासित म्हणून मान्यता दिलेला, आणि सरकार त्याला परत पाठवायला निघालेलं. कोर्टानं सांगितलं की याला इराणला पाठवायचा प्रश्नच येत नाही. त्याला जिथे जायचं असेल त्या देशात जाऊ द्या. बघा, कायद्यात नसलेलं कार्ड तिथे उपयोगी पडलं. चार वर्षांनी गुजरात उच्च न्यायालयानं भूजमध्ये अडकवून ठेवलेल्या दोन इराकी निर्वासितांच्या बाबतीत आणखी पुढचं पाऊल टाकलं: जिथे जिवाला धोका आहे तिथे ढकलायचं नाही हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच आहे, असं म्हटलं. कलम २१ फक्त नागरिकांना नाही, 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहे. हे दोन्ही निकाल मिळाले कारण त्या माणसांची नावं जिनिव्हाशी जोडलेल्या एका कार्यालयाच्या कागदावर होती.

ज्यांची नव्हती त्यांचं काय झालं, ते त्याच १९९८ सालात दिसलं.

राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. मुंबईत 'बांगलादेशी हटाव' मोहीम जोरात. पकडले जाणारे बरेचसे जरीकाम करणारे बंगाली मुसलमान कारागीर. पद्धत सोपी: पकडायचं, पोलीस बंदोबस्तात हावड्याच्या गाडीत बसवायचं, पुढे सीमेवर नेऊन पलीकडे सोडायचं. या माणसांना कुणी वकील भेटला का, कोणत्या कागदावर ठरलं की हे बांगलादेशी, घरच्यांना कळवलं का, याची उत्तरं तेव्हा मुंबईतल्या नागरी हक्कवाल्यांना मागूनही नीट मिळत नव्हती. जुलै १९९८ मध्ये कुर्ला-हावडा एक्सप्रेसमधून अशीच तीसेक माणसं चालली होती. हावड्याच्या थोडं आधी उलुबेरिया स्टेशन लागतं. तिथे लोकांनी गाडी अडवली. फॉरवर्ड ब्लॉकचे स्थानिक आमदार पुढे होते. जमावानं डब्यातून माणसांना उतरवून घेतलं. पश्चिम बंगाल सरकारचं म्हणणं: आमच्या राज्यातून माणसं सीमेपार नेताय आणि आम्हालाच सांगत नाही? प्रकरण लोकसभेपर्यंत गेलं.

जमावानं पोलिसांच्या ताब्यातली माणसं सोडवणं हे काही कायद्याचं राज्य नव्हे, मला त्याचं कौतुक करायचं नाही. पण उलुबेरियाला ते का घडलं, हे समजून घ्यावं लागतं. मुंबई ते हावडा दीड दिवसाच्या प्रवासात त्या माणसांची ओळख तपासायला एकही अधिकृत जागा नव्हती. एक गाडी, एक बंदोबस्त, आणि यादी पोलिसांच्या खिशात.

यानंतर वीस वर्षं पुढे उडी मारू आणि आसाममध्ये जाऊ. कारण या विषयातली गुप्तता नेमकी कशी चालते, ते तिथे स्पष्ट दिसतं.

आसाममध्ये 'विदेशी' ठरवलेल्या माणसांना जिल्हा कारागृहांच्या आतच कोपरा काढून ठेवलं जात होतं. पत्रकारांना आत प्रवेश नाही, संस्थांना नाही. जानेवारी २०१८ मध्ये हर्ष मंदर आत जाऊ शकले, कारण ते तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अल्पसंख्याकांसाठीचे विशेष निरीक्षक होते. गोआलपाडा आणि कोक्राझार इथे त्यांनी पाहिलं ते असं: नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या, कुणी कित्येक वर्षं आत, पॅरोल नाही. खुनाच्या कैद्याला निदान शिक्षेची तारीख माहीत असते, यांना ती नव्हती. त्यांनी अहवाल आयोगाला दिला. आयोग गप्प. जूनमध्ये त्यांनी पद सोडलं आणि अहवाल लोकांसमोर ठेवला, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही एक विचित्र वळण आलं: २ मे २०१९ ला कोर्टानं त्यांचंच नाव याचिकाकर्ता म्हणून काढून टाकलं. पण खटला चालू राहिला. त्याच महिन्यात आदेश आला की तीन वर्षांहून जास्त काळ आत असलेल्यांना अटींवर सोडा. जामीनदार मात्र एक-एक लाखाचे दोन. रोजंदारीवरच्या माणसानं ते आणायचे कुठून? एप्रिल २०२०, कोरोनात, ती अट पाच हजारांवर आणि मुदत दोन वर्षांवर आली.

अहवाल फुटल्यावर संसदेत प्रश्न विचारले जाऊ लागले आणि आकडे बाहेर यायला लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं की आसामातल्या सहा केंद्रांत ९८८ जण आहेत, आणि २०१६ पासून त्या ऑक्टोबरपर्यंत २८ जण तिथे असताना मेले. पुढच्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, रामलीला मैदानावर पंतप्रधान म्हणाले की देशात डिटेन्शन सेंटर नाहीच. एकाच सरकारची ही दोन वाक्यं, एकमेकांपासून महिनाभराच्या अंतरावर.

आणि तेव्हाच आपल्याकडे काय चाललं होतं? २०१९ च्या उत्तरार्धात बातमी आली की राज्याच्या गृहखात्यानं सिडकोकडे नेरूळला डिटेन्शन सेंटरसाठी जागा मागितलीये. म्हणजे भिवंडीपासून तासाभराच्या अंतरावर. कुठल्याही जाहीर सभेत, विधानसभेच्या प्रचारात यावर चर्चा झाली नव्हती. पत्र खात्याखात्यांत फिरत होतं आणि पत्रकारांच्या हाती लागलं. सरकार बदललं, उद्धव ठाकरे यांनी डिसेंबरात मुस्लिम प्रतिनिधींना सांगितलं की महाराष्ट्रात असं केंद्र होऊ देणार नाही. नंतर पुन्हा सरकारं बदलली. २०२४ च्या अखेरीस मुख्यमंत्री फडणवीस मुंबईत केंद्रासाठी योग्य जागा हवी असं म्हणत होते. मी केंद्र असावं की नसावं या वादात आत्ता पडत नाही. एका अर्थी केंद्र असणं पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा बरंही असू शकतं. पण केंद्र असलं तर त्याचा पत्ता, त्यातली माणसं किती, आणि आत कोण जाऊ शकतं, हे तीन प्रश्न सुटत नाहीत.

तुम्हाला वाटेल हे सगळं आपल्याकडचंच. नाही. यात मास्टर म्हणावा असा देश आहे ऑस्ट्रेलिया. बोटीनं येणाऱ्या आश्रयार्थींना त्यांनी आपल्या जमिनीवर येऊच दिलं नाही. पॅसिफिक महासागरातल्या नाऊरू आणि मानुस या बेटांवर नेऊन ठेवलं. नाऊरूनं पत्रकाराच्या व्हिसाची फी २०१४ मध्ये आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर केली, अर्ज नाकारला तरी परत न मिळणारी. १ जुलै २०१५ पासून ऑस्ट्रेलियात कायदाच आला: तिथं काम करणाऱ्यानं आतली माहिती बाहेर सांगितली तर दोन वर्षांपर्यंत कैद. डॉक्टर चवताळले, की आजारी मुलाबद्दल बोललो तर आम्ही गुन्हेगार? ते कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गार्डियननं नाऊरूच्या आतले दोन हजारांहून जास्त घटना-अहवाल प्रसिद्ध केले.

आणि मानुसमधून एक कुर्दी इराणी पत्रकार, बेहरूझ बूचानी, लपवून ठेवलेल्या मोबाइलवर लिहीत होता. व्हॉट्सॲपवर, तुकड्यातुकड्यानं, फारसीत. बाहेरच्या मित्रांनी ते जोडलं, भाषांतर केलं, २०१८ मध्ये पुस्तक आलं. जानेवारी २०१९ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि तो स्वतः तेव्हाही बेटावरच. पुरस्कार देणारा देश तोच, डांबणारा देश तोच. तुमच्या-माझ्या हातात जे यंत्र दिवसभर रील्ससाठी असतं, त्यानंच ती भिंत फोडली. म्हणूनच अशा जागांवर पहिली बंदी फोनवर येते.

परत भारतात. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना उचलून हिरानगरच्या जेलमध्ये ठेवलं, त्याला होल्डिंग सेंटर नाव दिलं. त्यांतल्या कित्येकांकडे यूएनएचसीआरचं कार्ड होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खंडपीठावर सरन्यायाधीश शरद बोबडे, आपले नागपूरचे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांच्या वतीनं बोलायला उभे राहिले ज्येष्ठ वकील चंदर उदय सिंग, मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वकिली केलेले. कोर्टानं त्यांना ऐकून घ्यायला गंभीर हरकत घेतली. बाहेरच्यानं आमच्या कामकाजात का पडावं, असा सूर.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. वसाहत भोगलेल्या देशाला बाहेरून कुणी येऊन शिकवलं की राग येतो, आणि बाहेरचे देश आपापल्या सोयीनंच शिकवतात हेही खरं; ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आत्ताच दिलं. पण वर सांगितलेलं आठवा. रोहिंग्याच्या बाजूनं आतला कोण बोलणार? म्यानमारनं १९८२ च्या कायद्यानं त्याला नागरिकत्वाबाहेर ठेवलंय. म्यानमारच्या वकिलातीला विचारणं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ ला कोर्टानं आदेश दिला: ठरवून दिलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय या लोकांना परत पाठवू नये. म्हणजे प्रक्रिया पाळली तर पाठवता येतं. आणि प्रक्रिया पाळली की नाही, हे बाहेरच्याला कळणार कसं?

मे २०२५ मध्ये हा प्रश्न सगळ्यात भयानक रूपात समोर आला. दिल्लीतून पकडलेल्या चाळीसएक रोहिंग्यांना अंदमानच्या पलीकडे नौदलाच्या जहाजातून नेऊन, लाइफ जॅकेट घालून, म्यानमारच्या किनाऱ्याजवळ पाण्यात उतरवलं, असा आरोप झाला. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारसाठीचे प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी चौकशी सुरू करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं पुराव्याबद्दल तीव्र शंका घेतली, ही छान रचलेली कहाणी आहे असं म्हटलं. आता खरं काय? जहाजावर चढवलेल्यांची यादी असेल, चढवल्याची वेळ असेल, कुठं उतरवलं याची नोंद असेल. ती समोर ठेवली तर एक दिवसात कळेल की कहाणी कुणाची रचलेली.

त्याच मे महिन्यात केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना कळवलं की बांगलादेश आणि म्यानमारमधून आल्याचा संशय असलेल्यांची ओळख तीस दिवसांत तपासा, आणि ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यात होल्डिंग सेंटर करा. आणि जूनमध्ये १९९८ पुन्हा घडलं, ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात. मीरा रोडवरून गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या माणसाला उचललं. घरच्यांनी, ग्रामपंचायतीनं, पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार मंडळानं कागद पाठवले. तरी त्याला सीमेवर नेऊन रात्री पलीकडे ढकललं. महाराष्ट्रातून अशाच नेलेल्या आणखी काही जणांसोबत तो दोन-तीन दिवसांत परत आला, कारण बंगाल सरकारनं सीमा सुरक्षा दलाशी बोलून आणि दलानं बांगलादेशच्या सीमा रक्षकांशी बैठक करून त्यांना आणवलं. तो भारतीय होता म्हणून त्याच्यासाठी एक राज्य सरकार धडपडलं. त्याच्याजवळ उभा असलेला रोहिंग्या असता तर कोणती ग्रामपंचायत कागद पाठवणार होती?

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून कदाचित तुम्हाला काही करावंसं वाटेल, नाहीतर निदान माहीत तरी असेल. आसामात जानेवारी २०२३ पासून गोआलपाड्याला मटिया इथे तीन हजार माणसांची क्षमता असलेला ट्रान्झिट कॅम्प सुरू झाला. सगळं नवं, पांढरं, स्वच्छ असल्याचं सांगितलं जात होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला आत जाऊन बघायला लावलं. अहवाल आला तो असा: पाणी पुरेसं नाही, साफसफाईची नीट सोय नाही, शौचालयांची दैना. कोर्ट संतापलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच खटल्यात आसाम सरकार म्हणालं की ६३ जणांना परत पाठवता येत नाही, कारण त्यांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, मग काय मुहूर्ताची वाट बघताय?

विधी सेवा प्राधिकरण म्हणजे कुणी परदेशी संस्था नाही. गरिबाला फुकट वकील द्यायला संसदेच्या १९८७ च्या कायद्यानं बनवलेली सरकारी यंत्रणा आहे. ती प्रत्येक जिल्ह्यात असते, तालुक्यात तिची समिती असते, आणि तिचे वकील तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटू शकतात. कोठडीतल्या माणसाला ती मदत मागायला नागरिक असावं लागत नाही. ठाण्याचं प्राधिकरण जिल्हा न्यायालयात बसतं. भिवंडीच्या कोर्टातही तालुका समिती आहे. छाप्याची पुढची बातमी वाचाल तेव्हा त्यात किती जण पकडले हे असेलच. त्यांना वकील दिला का, हे तिथे विचारता येतं.